कपाटाला रंग काढायचाय

वाघोलीत येऊन सहा महिने झाले होते, आणि या सहा महिन्यांत नागोरावांनी घरात केलेलं एकमेव काम म्हणजे पाण्याचा टँकर आला की पाच मजले खाली जाऊन "आमच्या टाकीत आधी सोडा बरं" असं सांगणं. टँकरवाला तेही ऐकत नसे.

तीस वर्षं वाशिमच्या आयटीआयमध्ये या माणसाने पोरांना सुतारकाम शिकवलं. रंधा कसा धरायचा, जोड कसा बसवायचा, लाकूड नुसतं हुंगून कसं ओळखायचं. गावात जिकडे जातील तिकडे कुणी ना कुणी "नमस्कार सर" म्हणायचं. इथे लिफ्टमध्ये भेटणारी पोरंसोरं कानात वायरी घालून उभी. नमस्काराचा प्रश्नच मिटला! सकाळी चहा, मग पेपर, मग पेपरातल्या जाहिराती, मग जेवण, मग खिडकीतून नगर रोडवरच्या गाड्या. संध्याकाळपर्यंत माणूस असा दमून जायचा, की दिवसभर लाकडं फोडली असती तरी इतका दमला नसता.

परत जायचीही सोय नव्हती. सुदर्शन एकुलता एक. "आता दोघांनी इकडंच राहायचं," असं त्यानेच हट्टाने म्हटलं, म्हणून वाशिमचं घर भाड्याने दिलं, भांडीकुंडी नात्यात वाटली, आणि नागोराव-मुक्ताई पुण्याला आले. आले आणि महिनाभरात कंपनीने सुदर्शनला अमेरिकेला धाडलं. ऑनसाइट म्हणे. घरात उरले सासू, सासरा आणि सून.

सून प्रियदर्शनी वाईट होती का? छे. शपथेवर सांगायचं तर एक शब्द कधी वाकडा बोलली नाही. सकाळी आठला कंपनीची गाडी यायची, संध्याकाळी सातला परत. येताना मुक्ताईंच्या गुडघ्यांची गोळी न विसरता आणायची. पण नागोरावांशी बोलायची ती डॉक्टरांकडच्या रिसेप्शनवरच्या बाईसारखी. "जेवण झालं? गॅस बंद केलात? बरं." संपलं. सासऱ्याला हाक मारायची वेळ आली तर "अहो, ऐकताय का," यावर भागवायची. बाबा नाही, मामंजी नाही, काही नाही. आपलं काय चुकलं, हे नागोरावांना काही केल्या उमगत नव्हतं. या घरात आपण पाहुणे आहोत की अडगळ, एवढं तरी कुणी एकदा सांगून टाकावं असं त्यांना वाटायचं.

बरं, हिच्या माहेरच्यांना आपण कधी त्रास दिला म्हणावं तर तेही नाही. उलट नागोराव वाशिमला छाती काढून सांगायचे, "एक रुपया हुंडा घेतला नाही. सोनंनाणं नाही, मानपान नाही. फक्त एक कपाट मागितलं. पण ते सागवानी द्या म्हटलं. लाकडातला माणूस आहे मी, बाकी काही नको."

प्रियदर्शनीचे वडील संपतराव पेंटर होते. नाना पेठेत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सोन्याचांदीची दुकानं, दवाखाने, शाळा, सगळ्यांची अक्षरं त्यांच्या हातची. मग कॉम्प्युटरवर पाट्या निघायला लागल्या, फ्लेक्स आला, आणि पाहता पाहता त्यांचे ब्रश वाळून गेले. तरी माणसाने शब्द पाळला. चार वर्षांपूर्वी स्वारगेटजवळच्या कार्यालयात लग्न झालं तेव्हा रुखवताशेजारी सहा फुटी सागवानी कपाट दिमाखात उभं होतं. मग ते कपाट सुदर्शनच्या बेडरूममध्ये गेलं, आणि नागोरावांना काही ते पुन्हा दिसलं नाही. लेकासुनेच्या खोलीत सासऱ्याने पाऊल टाकायचं नसतं, हे काय सांगायला पाहिजे?

एक मात्र नागोरावांच्या मनात बोचायचं. हे व्याही लग्नानंतर कधी भेटलेच नाहीत. वाशिमची मंडळी पुण्याला आली, की संपतराव हटकून येरवड्याला बहिणीकडे गेलेले असायचे. दिवाळीला नाही, डोहाळजेवणाला नाही. पुढे ते मूल राहिलं नाही, तेव्हा दवाखान्यातसुद्धा नागोराव पायऱ्या चढत होते आणि हा गृहस्थ मागच्या जिन्याने उतरून गेला. "पुणेरी ताठा, दुसरं काय!" नागोराव म्हणायचे. गेल्या श्रावणात संपतराव वारले, आणि मग ताठ्याबद्दल बोलण्यातही काही राहिलं नाही.

तर त्या बुधवारची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपून सुनेच्या खोलीतली भिंत ओली झाली होती आणि कपाट खालच्या अंगाला फुगलं होतं. प्रियदर्शनीने वॉचमनला बोलावून ते रिकामं कपाट हॉलमध्ये आणवलं, त्यावर वरपासून खालपर्यंत जुनी चादर टाकली आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. नागोराव पेपर वाचत होते. म्हणजे पेपर पुढे धरून ऐकत होते.

"मैनुद्दीनचाचा, शनिवारी नक्की या हं. कपाटाला रंग काढायचाय. अगदी पहिल्यासारखं झालं पाहिजे. आणि या वेळी टिकाऊ करा, पाणी लागलं तरी काही होता कामा नये. हो, तुम्हीच या. दुसऱ्या कुणाला पाठवू नका."

आता इथेच सगळा घोळ आहे, तेव्हा नीट ऐका. पुण्याकडे घराला रंग काढला म्हणतात, तो रंग लावलेला असतो. दिवाळीच्या आधी हे लोक रंग काढतात आणि घर नवं करकरीत दिसायला लागतं. तिकडे वाशिमला रंग देतात, रंग मारतात. आणि रंग काढायचा म्हटलं तर खरवडून काढतात! नागोरावांनी तेच ऐकलं. कपाटाचा रंग काढायचा. पहिल्यासारखं करायचं. म्हणजे कुणीतरी मूर्खाने सागवानावर काहीबाही फासलं असणार, ते काढून मूळ लाकूड मोकळं करायचं आणि वर चांगलं टिकाऊ पॉलिश द्यायचं. अहो, हे तर त्यांचं रोजचं काम! तीस वर्षांत पोरांच्या तीस तुकड्यांकडून त्यांनी हेच करून घेतलं होतं. आणि त्यासाठी बाहेरचा माणूस?

सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या अंगात जरा तरतरी आली.

"अजी, तिले इचारा तरी एकदा," मुक्ताई म्हणाल्या.

"विचारलं की नको म्हणेल. शनिवारच्या आत चकचकीत करून ठेवतो. बघ तिचं तोंड."

"तिचं तोंड म्या रोजच पाह्यते," मुक्ताई पुटपुटल्या आणि गुडघे चोळत आत गेल्या.

गुरुवारी सून गेल्या गेल्या नागोराव खाली उतरले. नगर रोडवर तीन दुकानं पालथी घालून रंग सोडवायचं औषध, पॉलिश पेपर, चपडा लाख, स्पिरिट, सगळं घेऊन आले. वर येईपर्यंत लाइट गेलेले, लिफ्ट बंद. पिशवी घेऊन पाच मजले चढले. धाप लागली, पण कुरकुर नाही. खिडक्या उघडल्या, खाली पेपर अंथरले आणि चादर ओढली.

हॉलमध्ये उजेड बेताचा होता. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. त्यांना तपकिरी दारं दिसली, रेघा दिसल्या, खाली फुगून पोपडे आलेले दिसले. ते विचार करत बसले नाहीत. अनुभवी माणूस थोडंथोडं करत नाही, एकदम हात मारतो. दोन्ही दारांना वरपासून खालपर्यंत त्यांनी औषधाचा जाड थर दिला, त्यावर पेपर चिकटवले आणि ते चहाला बसले.

वीस मिनिटांनी पेपर ओढले. सगळा थर सुरकुतून वर आला होता. त्यांनी चिंधी घेतली आणि वरच्या कोपऱ्यापासून पुसायला सुरुवात केली. चिंधी तपकिरी झाली. ठीक, पॉलिश निघतंय. अजून पुसलं. मग ते थांबले. लाकडाच्या रेघा चिंधीवर आल्या होत्या.

लाकडाच्या रेघा चिंधीवर कशा येतील?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पत्र्याच्या पट्टीने खरवडलं. तपकिरी निघालं, त्याखाली पिवळसर रंगाचा हात होता, तोही निघाला. आणि आत पांढरंफटक देवदार. खोक्याचं लाकूड! मशिनबिशिन ज्यात पॅक होऊन येतं ते. डाव्या दारावर तर काळ्या शाईत छापलेली छत्री आणि वर तोंड केलेले दोन बाण अजून शाबूत होते.

"फसवलं!" नागोराव एवढ्या जोरात ओरडले की मुक्ताई लंगडत बाहेर आल्या. "भर मांडवात फसवलं मला त्या माणसाने! सागवान म्हणून खोकं गळ्यात मारलं!"

मुक्ताईंनी कपाट पाहिलं. "बाप्पा," एवढंच म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पण तुमीच तर सांगून राह्यले होते साऱ्याले, असलं सागवान आता भेटत नाही म्हणून."

हेच तर जिव्हारी लागलं होतं. दुसरा कुणी फसला असता तर गोष्ट वेगळी. लाकूड हुंगून ओळखणारा माणूस! रागाच्या भरात त्यांनी पट्टी उचलली आणि कपाटाच्या बाजूकडे वळले, तीही सोलून काढायची म्हणून. आणि तिथे त्यांचा हात अडला.

ती बाजू अजून तशीच होती. आता कळल्यावर त्यांनी ती खिडकीकडे फिरवून, डोळे अगदी जवळ नेऊन पाहिली. अहाहा! कुठेही एक रेघ दुसरीसारखी नव्हती. कंगव्याने ओढल्या असाव्यात, ओल्या रंगात. मधे गाठ होती, आणि गाठीभोवती रेघा वळसा घालून गेल्या होत्या, जशा खऱ्या झाडात जातात तशा. एका फळीच्या रेघा दुसऱ्या फळीपाशी तुटत होत्या, कारण खऱ्या कपाटात दोन फळ्या वेगळ्या झाडाच्या असतात. हेसुद्धा त्या माणसाने सोडलं नव्हतं. किती दिवस बसला असेल? आणि कशासाठी? तर वाशिमचा एक मास्तर बैठकीत चहा फुरकत म्हणाला होता, "फक्त एक कपाट द्या, पण सागवानी."

नागोराव स्टुलावर बसले. आपण काही मागितलं नाही असं चार वर्षं सगळ्यांना सांगत आलो, आणि मागितलं ते केवढं होतं, हे त्यांना आज कळलं. राग कुठल्या कुठे गेला. फक्त थकवा उरला, असा की चिंधी टाकायलाही हात उचलेना.

"तिले काय सांगान आता?" मुक्ताईंनी विचारलं.

दारांवरचं सगळं पेपरात गुंडाळलेल्या चिखलात गेलं होतं. ते परत आणण्याची कला नागोरावांना येत नव्हती, आणि ज्याला येत होती तो माणूस आता हयात नव्हता. दुपारी ते जेवले नाहीत. मुक्ताईंनीही फार आग्रह केला नाही.

सातला बेल वाजली. प्रियदर्शनी आत आली आणि वासानेच दारात थबकली. मग तिने कपाट पाहिलं. पर्स खांद्यावर तशीच, चप्पल पायात तशीच.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात," नागोराव उभे राहिले. वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखे. "रंग काढायचाय म्हणून. मी म्हटलं, बाहेरचा माणूस कशाला. मी काढून ठेवतो."

"काढायचाय म्हणजे लावायचाय!"

"काढायचा म्हणजे... लावायचा?"

"पुण्यात असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि हसली. "शाब्बास. चाचा बाबांबरोबर पाट्या रंगवायचे, त्यांना नंतर मुद्दाम फोन करून सांगितलं होतं, तुम्ही आत झोपल्यावर दुपारी करा म्हणून. सगळी काळजी घेतली. एक मराठी तेवढं राहून गेलं."

ती कपाटापाशी गेली. बोटाने तिने छत्रीच्या चित्राला हात लावला, मग दाराच्या खालच्या कोपऱ्यात, पेंटर सही करतात तिथे, काहीतरी शोधलं. तिथे काही नव्हतं. "बाबांचं शेवटचं काम होतं हे," ती म्हणाली. "याच्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. हात कापायला लागले होते."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला, पण कुणी खाली गेलं नाही.

मुक्ताईंना ते सहन झालं नाही. त्या नवऱ्याची बाजू सावरायला पुढे झाल्या. बिचाऱ्या चांगल्याच मनाने बोलल्या. "पोरी, असं मनाला लावून नको घेऊ. यायले तवाच कळलं असन ना. लाकडातला माणूस. पण चार लोकायत तुह्या बापाची फजिती कशाले करा, म्हणून गप राह्यले असन. यायचा सोभावच तसा हाय."

प्रियदर्शनी वळली.

"म्हणजे बाबा म्हणायचे तेच खरं."

"काय म्हणायचे?" नागोरावांनी विचारलं.

"सरांना सगळं कळलंय म्हणायचे. मोठा माणूस आहे, बोलत नाही, पण कळलंय. म्हणून तुम्ही आलात की येरवड्याला आत्याकडे जाऊन बसायचे. तुमच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नव्हती त्यांना. माझं मूल गेलं तेव्हासुद्धा तुम्ही येताय म्हटल्यावर माझा हात सोडून मागच्या जिन्याने गेले. मी त्यांना सांगायची, बाबा, नसेल कळलं. तर म्हणायचे, कळलंय. तुझ्या सासऱ्याचे उपकार आहेत आपल्यावर, जपून बोल. जाताना शेवटचं हेच बोलले. आणि मी तुमच्याशी जपून बोलत राहिले. सहा महिने."

तो पुणेरी ताठा! तो माणूस लाजेने पळत होता, आणि आपण त्याला ताठा म्हणत होतो.

आणि त्याच क्षणी त्यांना हेही दिसलं, की आता नुसती मान हलवली तरी पुरे आहे. मोठा माणूस. उपकार. सगळं कळून गप्प बसलेला सासरा. मुक्ताईंनी वाढून पुढे ठेवलेलंच होतं, फक्त उचलायचं. सून उद्यापासून आदराने पाणी देईल, आणि तीस वर्षांची मास्तरकीही शाबूत राहील. नाही तर काय? देवदार आणि सागवान यातला फरक न कळणारा सुतारकामाचा मास्तर! वाशिमला कळलं तर शेंबडी पोरं हसतील.

त्यांनी मुक्ताईंकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"नाही," ते म्हणाले. "मला नव्हतं कळलं."

"अजी..." मुक्ताई म्हणाल्या.

"तू थांब जरा. नव्हतं कळलं म्हणतो ना! आज, या इथे, चिंधीवर रेघा आल्या तेव्हा कळलं. त्याच्याआधी एक क्षणही नाही. देवाशपथ."

"लग्नात तुम्ही कपाट तपासलं होतंत," प्रियदर्शनी म्हणाली. तिचा विश्वास बसत नव्हता. "बाबा खांबाआडून बघत होते. तुम्ही बराच वेळ उभे होतात. हात फिरवत होतात. म्हणून तर त्यांना वाटलं."

"तपासलं ना. चांगलं तपासलं. दारावर हात फिरवला. कडेला नख लावलं. टकटक करून पाहिलं, तर आवाज जरा हलका वाटला. पण रेघा अशा होत्या ना पोरी, की मी म्हटलं, माझाच कान गेला असेल. मी कानावर नाही, त्या रेघांवर विश्वास ठेवला. बराच वेळ उभा होतो तो संशयाने नाही. मला ते सोडवत नव्हतं. असलं सागवान मी जन्मात पाहिलं नव्हतं."

प्रियदर्शनी चपलांसकट जमिनीवर बसली, त्या पेपरांच्या चिखलाशेजारी. तिने तोंडावर हात धरला आणि ती रडायला लागली. मुक्ताई कशाबशा खाली वाकल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मरेपर्यंत," ती म्हणाली. "मरेपर्यंत तो माणूस तुम्हाला घाबरून जगला. एकदा समोर आला असता तर तुम्ही हेच बोलला असतात."

"हेच बोललो असतो," नागोराव म्हणाले. "वाशिमला तर रोज बोलत होतो. सगळ्यांना सांगत होतो, व्याह्यांनी काय कपाट दिलंय म्हणून. फक्त त्यांनाच सांगायचं राहिलं. मला काय ठाऊक, सांगायला पाहिजे म्हणून."

मग तिने पदराने नाही, बाहीनेच डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. हात कुठे फिरवलात, नख कुठे लावलंत. काय काय वाटलं. सगळं सांगा. जरा मोठ्याने सांगा, खांबाआडच्या बाबांनाही ऐकू जाईल असं."

नागोराव फार दमले होते. सकाळपासून पोटात अन्न नव्हतं, कंबर मोडून आली होती. ते हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसले, घसा साफ केला, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले.